फिका रस्सा

रविवारी दुपारी अश्विनने मटणाच्या रश्शात दोन चमचे दही कालवलं, आणि आमच्या हुडकेश्वरच्या घरात असा हशा पिकला की समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

"पाहा वं, पाहा! पुनेकर जेवून राहिले!" बाबा म्हणाले. माझे बाबा म्हणजे देवराव गजभिये, सरकारी कचेरीतून निवृत्त. सावजी पद्धतीचा जहाल रस्सा कपाळावरचा घाम न पुसता संपवायचा, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट. नोकरीतल्या बढतीबद्दलसुद्धा ते इतकं बोलत नाहीत.

"वरून साखर देऊ का गा थोडी?" आईने विचारलं.

अश्विन माझा धाकटा भाऊ. दोन वर्षं पुण्यात नोकरी करून मागच्या मे महिन्यात परत आला आणि आता इथेच एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम करतो. मोठी बहीण या नात्याने सगळ्यात जास्त मीच हसले. मला त्या दिवशी हसायची गरजही होती, कारण येत्या गुरुवारी माझं दोन वर्षांचं काम गुंडाळलं जाणार होतं.

मी बायोस्टॅटिस्टिशियन आहे. म्हणजे काय, हे कॉलनीत समजावून सांगणं बाबांनी सोडून दिलंय. "पोरगी रोगाच्या आकड्यायचं काम करते," एवढंच ते सांगतात, आणि ते काही खोटं नाही. सध्याचं माझं काम खर्ऱ्यावर होतं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात धरून ठेवायचा, हा आमच्याकडचा लाडका उद्योग. बरीच वर्षं केला की तोंडाची आतली कातडी ताठर व्हायला लागते. तोंड उघडेनासं होतं, आणि काहींचं प्रकरण पुढे कॅन्सरपर्यंत जातं. लवकर सापडलं तर माणसाला तिथंच अडवता येतं. पण तपासणीची गाडी एक, गाडीतली दातांची डॉक्टर एक आणि खर्रा खाणारे गावोगाव. आधी बोलवायचं कोणाला?

ते आमच्या मॉडेलने सांगायचं होतं. आशाताई घरोघरी जाऊन मोबाइलवर प्रश्न विचारणार, ती उत्तरं आम्ही कॉम्प्युटरला देणार, आणि कॉम्प्युटर आधीच्या हजारो माणसांवरून शिकून यादी लावणार, सगळ्यात धोका असलेला माणूस सगळ्यात वर. मशीन लर्निंग! या शब्दावर मी दोन वर्षं लोकांना चहा पाजायला लावलाय.

आणि मॉडेल निघालं ढ. "खर्रा खाता का?" एवढा एकच प्रश्न विचारून यादी लावली असती, तर ती जितकी बरोबर आली असती तितकंच बरोबर आमचं मॉडेल. कारण उघड होतं. आई किंवा बायको शेजारी उभी असताना आशाताईंना कोण खरं सांगतो? "कवाच सोडला," असं म्हणणारे शेकड्याने होते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा गाल तेव्हाही भरलेला असायचा. खोटं शिकवलं की मशीनही खोटंच शिकतं. गुरुवारी आमच्या कामाचा आढावा घेणारी समिती बसणार होती आणि काम बंद करा म्हणणार होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, ही खरी चीड.

"हसा, हसा," अश्विन दही ढवळत म्हणाला. "पुन्याच्या मेसनं जीभ बिघडवली माही."

"बिघडवली म्हनजे? दिवाळीपासून याचा रस्सा मी वेगळा काढून राहिली," आई मला म्हणाली. "चिवडा बी दोन डब्ब्यात केला होता. याचा बिनमिरचीचा."

माझा घास हातातच राहिला.

दिवाळीपासून? पण अश्विन पुण्याहून आला मे महिन्यात. तो आला त्या दिवशी आईने हाच रस्सा केला होता, आणि या पोट्ट्याने दोन वाट्या ओरपून तिसरी मागितली होती. बाबांनी उठून त्याची पाठ थोपटली होती. पुण्याचं पाणी लागायचं तर पुण्यात लागेल, नागपूरला येऊन सहा महिन्यांनी कसं लागेल?

तोंड आखडायच्या कितीतरी आधी या रोगात एक गोष्ट होते. तिखट सोसेनासं होतं. हे आम्हाला माहीत होतं, आमच्या प्रश्नांत ते होतंसुद्धा: "तिखट खाल्ल्यावर तोंडात जळजळ होते का?" आणि अख्ख्या जिल्ह्याने छाती काढून "नाही" म्हटलं होतं. "हो" म्हणणारे पुण्याहून बदलून आलेले बँकेतले एक साहेब मला अजून आठवतात. नागपूरच्या माणसाला तिखट झेपत नाही असं विचारणं म्हणजे त्याच्या खानदानावर जाणं! त्याची जीभ जळते आहे हे तो मेला तरी सांगणार नाही. पण त्याच्यासाठी वेगळा रस्सा काढणारीला ते माहीत असतं. फक्त तिला तो रोग वाटत नाही, तिला ते पुणं वाटतं. किंवा वय वाटतं, किंवा नखरे.

आणि त्या बाईला आम्ही काही विचारलंच नव्हतं!

खरं सांगते, आधी मला मॉडेलच आठवलं. ताटावरून उठून नाचावंसं वाटलं. मग मी समोर बसलेल्या माझ्या भावाकडे पाहिलं.

"अश्विन, तोंड उघड."

"जेवू दे ना वं ताई."

"उघड. तुझी तीन बोटं उभी करून आत घालून दाखव."

"काहून?"

"तू खर्रा खातो का?"

तो खाली पाहून भाकरी मोडायला लागला. "कवाच सोडला."

तेच दोन शब्द, तोच सूर. मी हे उत्तर इतक्या वेळा पाहिलं होतं की मला रडू येईल असं वाटलं.

"उद्या माझ्यासोबत चल. नूपुर पाच मिनिटांत पाहील," मी म्हटलं. नूपुर म्हणजे आमच्या गाडीतली डॉक्टर.

तेव्हा तो भडकला. "एका रविवारी दही खाल्लं तं रोगी करून टाकलं मले? तूच म्हनते ना नेहमी, एका मानसावरून काहीच सिद्ध होत नाही? मंग मी बी एकच मानूस आहे. आधी तुया त्या मशीनले सिद्ध करू दे. केलं तं येतो, तुयी शपथ. नाही केलं तं हा विषय पुन्हा काढायचा नाही."

हात धुऊन त्याने गाडीला किक मारली आणि गेला. माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकून गेला होता, आणि वाक्य बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"पोट्ट्याले जेवू बी देत नाही तू," बाबा म्हणाले.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात शिरले ती जवळजवळ पळतच. नूपुर होती, आणि प्रोग्रामिंगचं सगळं सांभाळणारा अपूर्व होता. मी एका दमात सगळं सांगितलं. नूपुरने टेबलावर हात आपटला.

"अगं, मी हे रोज ऐकते! तिखट जमत नाही मॅडम, असं सांगतात लोक. पण कधी? खुर्चीत बसल्यावर, दार लावल्यावर. घरच्यांसमोर नाही."

अपूर्व मात्र मान हलवत होता. त्याचं कामच ते आहे. "ताई, ही सगळी माणसं आपण डिसेंबरच्या शिबिरांत तपासली. ज्यायले रोग निघाला ते आता फिकंच खातील ना? आता विचारलं तं मॉडेल पास होईन, पण ते कॉपी करून पास होणं झालं."

बरोबर होतं त्याचं. मी खिडकीपाशी उभी राहिले. मग आईचे ते दोन डबे डोळ्यांसमोर आले आणि मी वळून ओरडलेच, "चिवडा!"

दिवाळी शिबिरांच्या आधी झाली होती. तेव्हा कोणालाच आपला रोग माहीत नव्हता. आणि कोणत्या दिवाळीला चिवडा दोन प्रकारचा केला, हे घरातली बाई विसरत नाही, कारण कढई दोनदा चढवावी लागते. प्रश्न तयार झाला. पुरुषाला विचारायचा नाही, स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारायचा: मागच्या दिवाळीत घरात कोणासाठी चिवडा किंवा रस्सा वेगळा, कमी तिखटाचा काढला होता का? आणि तो माणूस त्याच्या आधी तुमच्यासारखंच तिखट खात होता का?

खर्ऱ्याचं नाव नाही, रोगाचं नाव नाही. कोणाला खोटं बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

आशाताईंनी फोन सुरू केले. कोणाचं काय निदान झालं होतं हे त्यांना कळू दिलं नव्हतं, आम्हीही फोन संपेपर्यंत ती माहिती उघडायची नाही असं ठरवलं होतं. दुपारी काटोलकडच्या मनकर्णाताईंचा फोन आला. एरवी त्या आमच्या प्रश्नांना वैतागलेल्या असतात. आज त्यांना हसू आवरत नव्हतं.

"अवो मॅडम, असा प्रश्न पह्यलेच काहून नाही दिला? बाया फोन ठेवूच देऊन नाही राहिल्या. एकीनं तं सासऱ्यापासून दिरापर्यंत सगळ्यायच्या जिभेची कुंडली मांडली. म्हने, मोठ्ठा पहिलवान समजते स्वतःले, आन् माह्याजवळ चोरून वरन मागते!"

मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या प्रश्नाला लोक खरं बोलत होते, आणि मनापासून बोलत होते.

बुधवारी दुपारपर्यंत पुरेशी उत्तरं गोळा झाली. काटोल आणि हुडकेश्वरकडची माणसं मॉडेलला शिकवायला दिली. सावनेरची गावं मी पहिल्या दिवसापासून कुलपात ठेवली होती. त्यांचा एकही आकडा मॉडेलने पाहिलेला नव्हता. ते कुलूप एकदाच उघडायचं असतं. मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा उघडलं तर ती परीक्षा राहत नाही. तो एकदाचा दिवस आज होता.

"दाबू?" अपूर्वने विचारलं.

"थांब," मी म्हटलं. मला अश्विन आठवला. आकडा चांगला आला तर तो तपासायला येईल. पण आकडा चांगला आला, याचाच अर्थ त्याला रोग असण्याची शक्यता जास्त. मी नेमकं काय मागत होते? "दाब."

जुन्या मॉडेलने यादीत वर ठेवलेल्या पहिल्या शंभरांत खरे रोगी तीस-एकतीस असायचे. स्क्रीनवर नवा आकडा आला: चौसष्ट.

अपूर्व उठला तो खुर्ची पाडूनच. नूपुरने मला मिठी मारली. मी मात्र लगेच चूक शोधायला बसले, कारण इतका आनंद झाला की आधी स्वतःवर संशय घ्यायचा ही माझी जुनी सवय आहे. नव्या प्रश्नाची उत्तरं मी मुद्दाम माणसामाणसांत उलटसुलट वाटून टाकली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. सगळी कमाल नाहीशी. मॉडेल पुन्हा ढ. उत्तरं जागच्या जागी ठेवली, चौसष्ट परत! म्हणजे जादू चिवड्यातच होती. तेव्हा कुठे मी किंचाळले. शेजारच्या खोलीतले लोक कोणाला करंट लागला का म्हणून पाहायला आले.

त्या आकड्याचा फोटो काढून मी सगळ्यात आधी अश्विनला पाठवला. खाली लिहिलं, "झालं सिद्ध. शपथ आठवते ना?" दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. रात्री तो जेवायला आला, माझ्याकडे न पाहता वरणभात खाल्ला आणि झोपायला गेला.

गुरुवारी समितीपुढे मी उभी राहिले. चौसष्टचा आकडा सांगितला, आणि त्यातली कच्ची बाजूही सांगितली. लोकांच्या आठवणीला निदानाचा रंग लागलेला असू शकतो, म्हणून आता नव्या गावांत आधी प्रश्न आणि मग तपासणी अशीच करू द्या, असं मागितलं. अध्यक्ष म्हणाले, तो प्रश्न पुन्हा एकदा वाचा. मी वाचला. खोलीत खसखस पिकली, आणि मग दोन-तीन जण आपापल्या घरात कोणाचा चिवडा वेगळा आहे ते आठवत असल्यासारखे गप्प झाले. काम पुढे सुरू ठेवायचं ठरलं. मी आभारही नीट मानले नसतील, कारण तेवढ्यात फोन थरथरला होता. अश्विनचा मेसेज होता: "खाली आलो."

जिने मी कसे उतरले मला आठवत नाही. तो तपासणीच्या गाडीजवळ उभा होता, हेल्मेट हातात.

"रोग कळल्यावरच फिकं खाल्लं असन त्यायनं," तो लगेच म्हणाला. रात्रभर हाच विचार केला असावा.

"दिवाळीचा चिवडा विचारला. तेव्हा तपासणी झालीच नव्हती."

"योगायोगानं आला असन आकडा."

"उत्तरं उलटसुलट करून पाहिली. मग येत नाही."

अश्विनने शर्टाच्या खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली आणि माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती, त्याच्या अंगाची.

"मले माहीत होतं ताई," तो म्हणाला. "दिवाळीपासून माहीत होतं. तुमी पुनेकर पुनेकर करून हसत होते ना, तवा मले बरं वाटे. वाटे, पुनंच असन बावा."

मी त्याला त्याच पन्नीच्या हाताने जवळ घेतलं आणि आम्ही दोघंही भर रस्त्यात रडलो.

नूपुरने त्याला खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला. "तुझी स्वतःची तीन बोटं, उभी." दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्याने जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी अडलंच. तिने गालाच्या आत बोट फिरवून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"गाठ नाही, जखम नाही," ती शेवटी म्हणाली. "सुरुवातीचं आहे. पूर्ण पहिल्यासारखं होईल असा शब्द मी देत नाही. पण खर्रा आज बंद केला आणि तोंडाचा व्यायाम रोज केला, तर इथंच थांबवता येईल, थोडं मागेही आणता येईल. आणखी दोन वर्षांनी आला असता तर मी हे बोलू शकले नसते."

मी त्या डॉक्टरच्या गालाचा पापाच घेतला. गाडीबाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

अश्विनने खर्रा सोडला. सोपं गेलं नाही त्याला, पहिले काही आठवडे तो घरात सगळ्यांवर खेकसत होता आणि आम्ही सगळे खेकसून घेत होतो. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभा राहून तो तोंडाचा व्यायाम करतो. आता तिसरं बोट अर्धं जातं. घरात त्याला पुणेकर म्हणणं आईने बंद करून टाकलं. रविवारी ती न बोलता दोन पातेली चढवते, एक लाल आणि एक फिकं.

परवाच्या रविवारी पानं वाढली. आईने बाबांच्या वाटीत लाल रस्सा घालायला पळी उचलली, तर बाबांनी वाटीवर हात ठेवला.

"मले बी त्याच्यातलाच वाढ," ते फिक्या पातेल्याकडे पाहत म्हणाले.

अश्विन जेवायचा थांबला. आईची पळी तशीच हवेत. मी जागेवरून उठलेच. आधी तिखट खाणारा माणूस, आता फिकं मागतोय. माझाच प्रश्न, शब्दाला शब्द!

"बाबा, तोंड उघडा!"

"अवं पण—"

"उघडा म्हणते ना! तीन बोटं घाला!"

बाबांनी घाबरून तोंड उघडलं. तीन बोटं उभी, सहज, वर जागा उरली. अश्विनने वाकून मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं. "गुपचुपची अख्खी प्लेट जाईन याच्यात," तो म्हणाला. गुपचुप म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी.

"मग तिखट का नको?" मी विचारलं.

बाबा आईकडे न पाहता भाकरीशी बोलल्यासारखे बोलले. "मले तिखट कवाच सोसलं नाही वं. पाहायले गेलो होतो तुया आईले, तवा सासऱ्यानं वाढलं. आपून म्हनलं, लय आवडते. मंग काय, खाऊन राहिलो. आता याच्यासाठी वेगळा होऊनच राहिला तं म्हनलं..."

"म्हनजे लग्न झालं तवापासून?" आईने विचारलं. तिला राग आला होता की हसू, ते तिलाच ठरवता येत नव्हतं.

माझ्या प्रश्नाने आमच्या घरात पकडलेला हा पहिला निरोगी माणूस. मशीन अशाही चुका करणार, आणि आधी बोलावलेल्यांच्या रांगेत असे बाबा निघणारच, हे मी समितीला सांगितलं होतं. तरी येत्या सोमवारी त्यांना नूपुरकडे नेणारच आहे, मी काही ऐकून घेणार नाही. पण त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की मी मटकन खाली बसले आणि हसत सुटले. आईही हसली, आणि समोरच्यांचा कुत्रा पुन्हा भुंकायला लागला.

अश्विनने दह्याचं भांडं उचललं आणि बाबांच्या ताटाकडे सरकवलं.

"या पुनेकर," तो म्हणाला.